स्वच्छ टाकीतलं तांबं

४ मार्च

खारूस,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो. संशोधन केंद्राच्या कागदांत माझ्यापुढे 'तंत्रसहायक, शिक्षण शाळेपुरतं' एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढे जे मागणार आहे ते कोण मागतंय हे तुला नीट आठवावं.

खेकड्यांची पिल्लं वाढवायच्या चोवीस काचेच्या टाक्या. एकीचाही सांधा गळत नाही. त्या ठेवायची लाकडी मांडणी, लोखंडी खिळा एकही नाही, सगळ्या खुंट्या. समुद्राचं पाणी गाळायची तीन पिंपं: वाळूचं, कोळशाचं, कापडाचं. हवा सोडायच्या नळ्या, सुईने भोकं पाडलेल्या, दर बोटभर अंतरावर एक. पिल्लं मोजायची पांढरी पळी, तिच्या तळाला कोरलेल्या सोळा चौकटी. पंपापुढचा, पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह. बाजारातला प्लॅस्टिकचा दर दोन महिन्यांनी टिपकायचा म्हणून मी हा अख्ख्या गजातून लेथवर कातला. साडेचार वर्षांत त्यातून थेंब गळलेला नाही. मोडक्या सूक्ष्मदर्शकाचा नवा पाय. सहा रजिस्टरं, स्वतः आखून, स्वतः शिवून. आणि खिडकीजवळचं तुझं टेबल, ज्यावर हल्ली तुझी आई कपड्यांच्या घड्या घालते.

आता काम. पार्सलमध्ये दोन बाटल्या आहेत. 'अ' आणि 'ब'. दोन्हीतलं तांबं, जस्त आणि कॅडमियम तुझ्या प्रयोगशाळेत तपासून हवं. इथे शहरात एकच प्रयोगशाळा आहे आणि ती मुलामा कारखान्याचं काम करते, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. दुसरं कारण नाही.

तुला बातमी असेल किंवा नसेल. खाडीतल्या खेकडेवाल्यांनी कारखान्यावर तक्रार केली आहे. मुलाम्याचं धुवण खाडीत सोडतात म्हणून कोवळी पिल्लं मरतात, आणि चार वर्षांत खेकडा निम्म्यावर आला, असं त्यांचं म्हणणं. अठरा एप्रिलला समितीपुढे सुनावणी. पुरावा काय, तर माझी रजिस्टरं. एकीकडे खाडीचं पाणी, दुसरीकडे खुल्या समुद्रातून आणलेलं स्वच्छ पाणी, दोन्हींत एकाच मादीची पिल्लं, आणि रोजची मोजणी. केंद्राच्या प्रमुख शास्त्रज्ञ, आपल्या डॉक्टरीणबाई, अहवालात 'आमची निरीक्षणं' लिहितात. लिहू देत. पिल्लं कोणी मोजली ते पिल्लांना ठाऊक आहे.

त्याआधी दोन एप्रिलला कारखान्याचा तज्ज्ञ माझी टाक्यांची शेड बघायला येणार आहे.

'अ' बाटली स्वच्छ टाकीतली आहे. तिची गरज खरं तर नाही, पण दोन्ही असलेल्या बऱ्या. यंदा स्वच्छ टाकीतली पिल्लं जरा मंद आहेत, एवढंच. डॉक्टरीणबाईंना मी याबद्दल बोललेलो नाही. त्यांच्या डोक्याला आधीच कमी ताप नाहीत.

आई बरी आहे.

तुझे वडील


१३ मार्च

रसायनतज्ज्ञ बाईंस,

रिपोर्ट मिळाला. पाकिटात रिपोर्टखेरीज काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, तेव्हा तुझी आई म्हणाली, "काय शोधताय, नोटा?"

'ब' बाटलीबद्दल वाद नाही. खाडीच्या पाण्यात लिटरला सत्तर मायक्रोग्रॅम तांबं, वर कॅडमियम. हे मला पिल्लांनी आधीच सांगितलं होतं.

'अ' बाटलीत तू अडतीस लिहिलं आहेस. हा आकडा माझ्या टाकीचा असू शकत नाही. खुल्या समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला दोन-तीनच्या वर जात नाही. ते पाणी मी स्वतः होडीतून आणतो, स्वतः गाळतो. कुठेही धातूचा स्पर्श नाही. माझ्या शेडमध्ये अंगठी घालून यायला परवानगी नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या मामाची अंगठी मी साबण लावून उतरवली होती.

तेव्हा स्पष्ट विचारतो. बाटली ॲसिडने धुतली होती का? नळाखाली विसळून भागत नाही. तुमच्या मोठ्या शहरात यंत्रं महागडी असतात आणि हात घाईचे. एकाचा डाग दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

हे वाक्य आईने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "पुन्हा तेच. खेकडासुद्धा कधी मागे सरतो. तुम्ही नाही."

मी म्हटलं, "खेकडा मागे सरत नाही. तो आडवा चालतो."

"मग तुम्ही आडवेच," म्हणाली आणि टेबलावरच्या घड्या उचलून गेली. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण तिला वाद जिंकायचा नसतो, बंद करायचा असतो.

वाक्य मी खोडलेलं नाही. लिहिलं ते लिहिलं.

नव्या तीन बाटल्या पाठवतोय. एक पंपाच्या अलीकडची, एक पलीकडची, एक टाकीतली. या खेपेला झाकणांवर मेणही ओतलंय. स्वच्छ टाक्यांतल्या चारशे पिल्लांपैकी आज नव्वद उरली आहेत. वयाचा अकरावा दिवस. तू आणि मी ज्यांना 'टाचण्या' म्हणायचो त्याच पहिल्या, सुईसारख्या अवस्थेत; पुढच्या टप्प्यातला 'विंचू' एकही झालेला नाही. जुनी कात मानेशी उकलते आणि तिथेच अडकते. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. दोन तास पाय हलवतात आणि थांबतात.

तपासणीला वीस दिवस आहेत. लवकर कळव.

वडील


२२ मार्च

खारू,

रिपोर्टवर 'नमुन्याची बाटली' या रकान्यात तू लिहिलंस: प्रेषकाने स्वतः धुऊन पाठवलेली. खाली रेघ. कळलं. दोन्ही वेळेस बाटल्या माझ्याच होत्या.

आकडे मी भिंतीवर लावलेत. पंपाअलीकडे दोन. पंपापलीकडे एकेचाळीस. टाकीत अडतीस.

पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा, नळी रबरी. अलीकडे आणि पलीकडे यांच्यात धातूची एकच वस्तू आहे. माझा व्हॉल्व्ह. पितळेचा. म्हणजे तांबं आणि जस्त.

पितळ मी का वापरलं हे तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. तो गज एका मोडलेल्या बोटीचा होता, उत्तम जातीचा, आणि प्लॅस्टिकवर असा गुळगुळीत, केसाइतका नेमका पृष्ठभाग कातता येत नाही. आणि आत इपॉक्सीच्या लेपाचे तीन हात दिले होते. पाण्याचा पितळेशी संबंध येणारच नव्हता.

सकाळी शेडचं दार आतून लावून व्हॉल्व्ह उघडला. इपॉक्सी दुधावरच्या सायीसारखं सुटून आलं. खाली हिरवट थर, नखाने खरवडला तर भुकटी पडली. इपॉक्सी भेसळीचं असणार. दुकानदाराने दोन्ही डबे वेगवेगळ्या खोक्यांतून काढून दिले होते, तेव्हाच शंका आली होती.

बाजारातून प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह आणून बसवला. पंचवीस मिनिटांचं काम. लाइन तीनदा धुतली, टाक्या ॲसिडने पुसल्या, वाळू बदलली. कोणी पाहिलं नाही.

आता हिशेब असा. खाडीचं पाणी मी डब्यांतून आणून हाताने ओततो, ते या व्हॉल्व्हमधून जात नाही. म्हणजे खाडीच्या पाण्यात मेलेली पिल्लं खाडीच्या पाण्यानेच मेली, ती नोंद खरी. बिघडलाय तो स्वच्छ टाक्यांचा आकडा. आणि तो आपल्याच विरुद्ध बिघडलाय: स्वच्छ पाण्यात जगायला हवी होती तितकी जगली नाहीत, म्हणजे फरक आहे त्याहून कमी दिसला. शहाण्या माणसाला हे समजावून सांगता येईल. पण समितीपुढे कारखान्याचा वकील शहाण्यासारखं कशाला बोलेल? तो एवढंच म्हणेल की या माणसाच्या शेडमध्ये स्वच्छ पाण्यातही पिल्लं मरतात. पिल्लं मारायला कारखाना कशाला हवा, हा एकटा पुरेसा आहे.

दुपारी खेकडेवाले काका आले. ओल्या गोणपाटात अंडीवाली मादी, पोटाखाली काळपट अंड्यांचा गोळा, उद्या-परवा पिल्लं सुटणार अशी. म्हणाले, "पंधरा फेऱ्यांत ही एक. जपून वापर. हिच्यामागे रांग नाही."

मी म्हटलं, "बसा, चहा घ्या."

"चहा राहू दे. तुझं रजिस्टर पक्कं आहे ना? आम्ही बावीस घरं त्याच्यावर बसलोय."

"पक्कं आहे," मी म्हणालो.

व्हॉल्व्ह त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात होता. पावशेराचा तुकडा, पण बसताना टोचतो.

बाबा


२३ मार्च

कालच्या पत्रातलं एक वाक्य खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

इपॉक्सीचे तीन हात दिले होते, खरं आहे. ते कधी दिले ते लिहिलं नाही.

तू चार वर्षांपूर्वी सात नोव्हेंबरला घर सोडून गेलीस. इपॉक्सी मी पंधरा नोव्हेंबरला लावलं.

त्याआधी व्हॉल्व्ह उघडा होता. नुसतं पितळ. नवं कोरं, चकचकीत, आणि खारं पाणी रात्रंदिवस त्यातून वाहतंय. पहिल्याच चाचणीत स्वच्छ टाक्यांतली सगळीच्या सगळी पिल्लं सहा दिवसांत मेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं कसं झालं? शेजारच्याच टाक्यांत तू तांब्याचं मोजून केलेलं द्रावण घालत होतीस. मी म्हणालो, पोरीने पिपेट बदललं नसणार.

तू दोन्ही पिपेटं पुढे धरलीस. एकाला लाल धागा, एकाला निळा. तू म्हणालीस, "मी बदललं होतं, बाबा. म्हणून तर धागे बांधले."

मी डॉक्टरीणबाईंसमोर, आणि दोन पाहुणे शास्त्रज्ञ उभे होते त्यांच्यासमोर म्हणालो, "धागे बांधल्याने हात धुतले जात नाहीत."

ते हसले. वाक्य मला जमलं होतं.

मग रजिस्टरात लिहिलं. माझंच अक्षर: 'मदतनीसाच्या हलगर्जीमुळे स्वच्छ टाक्यांत तांबं मिसळलं. चाचणी रद्द.' डॉक्टरीणबाईंनी तुझं शिफारसपत्र परत घेतलं. पुढचं तुला माहीत आहे, मला नाही.

तू गेल्यावर चार दिवसांनी नळी बदलायला मी व्हॉल्व्ह काढला. आत बारीक हिरवी रेघ होती. एवढीशी. मी ती बोटाने पुसली, बोट पँटला पुसलं. पंधरा तारखेला इपॉक्सी लावलं आणि रजिस्टरात कारण लिहिलं: 'गंज येऊ नये म्हणून.' गंज लोखंडाला येतो. पितळेला गंज येत नाही हे मला वयाच्या चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे.

इपॉक्सी लावल्यावरच्या पहिल्या चाचणीत स्वच्छ टाक्यांतली निम्म्याहून जास्त पिल्लं जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, मदतनीस बदलली आणि फरक पडला. मी हो म्हटलं.

तेव्हा मला कळायला हवं होतं, असं लिहिणार होतो. कळलं होतं.

उत्तराची अपेक्षा नाही. आज पहाटे मादीने पिल्लं सोडली. चारशे स्वच्छ पाण्यात, चारशे खाडीच्या पाण्यात. स्वच्छ पाणी आता प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हमधून येतं; पंपापलीकडची एक बाटली दर आठवड्याला तुझ्याकडे पाठवीन. सव्वीस दिवसांनी सुनावणी.


३ एप्रिल

खारू,

तुझी एक ओळ मिळाली. चार वर्षांनी पाच शब्द, आणि तेही प्रश्नार्थक. 'जुना व्हॉल्व्ह आता कुठे आहे?'

शेडमधल्या माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात, फडक्यात. फेकलेला नाही. का फेकला नाही ते मला सांगता येत नाही. फेकायला दोनदा खाडीवर गेलो होतो. दुसऱ्यांदा हात उगारला, मग वाटलं, इथे आधीच काय कमी तांबं आहे?

तपासणी काल झाली. तज्ज्ञ म्हणून जो आला तो तिशीतला, पायात पांढरे बूट, बरोबर एक लेखनिक आणि डॉक्टरीणबाई. टाक्यांवरून बोट फिरवत चालला होता. काम येणारा माणूस होता. सांधे बघून मान हलवली. पंपाशी थांबला.

"हा व्हॉल्व्ह नवा दिसतोय."

"बदललाय."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"का?"

"जुना झाला होता."

तिन्ही उत्तरं खरी आहेत. तू तपासून पाहा. लेखनिकाने लिहून घेतली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, टाकीतल्या पिल्लांकडे बघत होत्या.

"जुना आहे का? बघायला मिळेल?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "शोधावा लागेल." हे उत्तर खरं नव्हतं.

"हरकत नाही, आम्ही बघतो," म्हणत तो माझ्या टेबलाशी गेला. पहिला खण उघडला: चिमटे, पळ्या. दुसरा: रबरी चकत्या, मापाप्रमाणे लावलेल्या. तिसरा ओढला आणि तो अडकला. तो खण आधी किंचित उचलायचा आणि मग ओढायचा, हे फक्त तुला आणि मला माहीत. त्याने दोनदा ओढला. माझ्या कानांत पंपाचा आवाज येत होता, दुसरं काही नाही.

"बिघडलाय वाटतं," तो म्हणाला.

माझ्या हातच्या वस्तूला कोणी बिघडलेली म्हणावं आणि मी गप्प राहावं, हे पहिल्यांदा झालं.

ते गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाबास. तुमच्यासारखी शेड दुसरीकडे नाही." आणि जाता जाता, "पिल्लं यंदा छान आहेत हो."

छान आहेतच. दहावा दिवस. स्वच्छ टाक्यांत तीनशे बावीस, खाडीच्या टाक्यांत एकशे चौऱ्याण्णव. हे मी चार वर्षांपूर्वी बघायला हवं होतं. त्या वेळी हे आकडे दिसले असते तर आज कोणाला काही लपवायचं नसतं, आणि तू कदाचित या टेबलाशी असतीस, माझी मोजणी चुकली म्हणून मला सुनावत.

आता माझ्यापुढे काय आहे ते सरळ लिहितो. गप्प राहिलो तर व्हॉल्व्हचं कधी कोणाला कळणार नाही. काकांची बावीस घरं, बाईंचा अहवाल, माझं नाव, सगळं जागच्या जागी राहील. फक्त पहिल्या रजिस्टरात तुझ्याबद्दलची ती ओळ तशीच राहील. बोललो तर ती ओळ जाईल, आणि तिच्याबरोबर बाकीचं काय काय जाईल ते मला मोजता येत नाही. मला न मोजता येणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "चार वर्षं मी तिची समजूत घालत होते फोनवर. बाबांचं चुकत नसतं गं, म्हणून."

ती तुझ्याशी फोनवर बोलते हे मला माहीत नव्हतं.

बाबा


१९ एप्रिल

खारू बाळा,

काल सुनावणी झाली.

खोली साधीच होती, शाळेच्या वर्गासारखी. समितीचे तिघं, अध्यक्ष एक वयस्क बाई. एका बाजूला काका आणि त्यांची माणसं, धुतलेल्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला कारखान्याचे. मी सकाळी चार टाक्या हातगाडीवर घालून नेल्या होत्या, दोन स्वच्छ पाण्याच्या, दोन खाडीच्या, आणि सूक्ष्मदर्शक.

वकिलाने सुरुवातच पहिल्या रजिस्टराने केली. ती ओळ मोठ्याने वाचली. "'मदतनीसाच्या हलगर्जीमुळे.' ही मदतनीस कोण?"

"माझी मुलगी."

"म्हणजे घरचाच कारभार," तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूची दोघं हसली.

हसू ओळखीचं होतं. मी खिशातून व्हॉल्व्ह काढून अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवला.

मी म्हणालो, "ही ओळ खोटी आहे. मीच लिहिली. टाक्यांत तांबं याच्यामुळे आलं. हा मी केला, पितळेचा. मुलीने पिपेट बदललं होतं."

डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या आणि बसल्या. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

अध्यक्षबाईंनी व्हॉल्व्ह उचलून फिरवून पाहिला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"चार वर्षांपूर्वी, अकरा नोव्हेंबरला."

"आणि सांगताय आज?"

"हो."

"का सांगितलं नाही?"

मी बरंच पाठ करून गेलो होतो. त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, "चांगला झाला होता तो. गळत नव्हता."

वकील खुशीत आला. सगळी रजिस्टरं रद्द करा म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही. मग अध्यक्षबाईंना विचारलं, टाक्या आणल्यात, बघता का? या सव्वीस दिवसांत पितळ कुठेच नव्हतं, आणि पंपापलीकडचं पाणी दर आठवड्याला बाहेर तपासून घेतलंय. (ते रिपोर्ट तू दिलेस. तुझं नाव मी घेतलं नाही, कागदांवर होतं.) त्यांनी पाहिलं. स्वच्छ पाण्यात चारशेपैकी दोनशे बारा, आणि त्यातली अकरा त्याच सकाळी 'विंचवांचे' खेकडे झालेली, मोहरीएवढे, नांगी उगारून आडवे पळणारे. खाडीच्या पाण्यात एकतीस. त्यातली एकोणीस आपल्याच कातेत अडकलेली. अध्यक्षबाईंनी डोळा भिंगावरून बराच वेळ काढला नाही. एकदा विचारलं, "हे अजून जिवंत आहे?" मी म्हणालो, "अजून तासभर."

निर्णय असा: चार वर्षांचे स्वच्छ टाक्यांचे आकडे ग्राह्य नाहीत. पुढच्या मोसमात दोन्ही बाजूंच्या देखरेखीखाली चाचणी नव्याने होईल. तोवर कारखान्याने धुवण खाडीत सोडायचं नाही, साठवायचं. चौकशी होईपर्यंत मी शेडमध्ये पाय ठेवायचा नाही.

धुवण थांबलं, ही जमेची बाजू. बाकी सगळी वजाबाकी.

बाहेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला आधी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्हालाही लपवावं लागलं असतं."

"ते मी ठरवलं असतं," त्या म्हणाल्या. मग गाडीत बसता बसता, "तिचा पत्ता द्या. मला तिला लिहायचंय." मी दिला. विचारून द्यायला हवा होता.

काका पायरीवर उभे होते. "पक्कं आहे म्हणाला होतास."

"नव्हतं."

"मग पक्कं म्हणालास कशाला? मी घरी जाऊन बायकोला तेच सांगितलं." ते एवढंच बोलले. त्यांच्या मुलाने टाक्या हातगाडीवर चढवायला हात लावला, त्यांनी नाही.

माझ्याकडून तुला काय मिळायला हवं ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या लेखणीतून सरळ उतरत नाही, हेही तुला माहीत आहे. तेव्हा जे झालं ते लिहितो. पहिल्या रजिस्टरातली ती ओळ मी अध्यक्षबाईंसमोर खोडली, वर खरं कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. त्या पानाची शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. तुझं शिफारसपत्र जिथून परत मागवलं गेलं होतं त्या कॉलेजलाही एक पाठवली. उशीर झाला आहे. किती, ते तू सांग.

एक गोष्ट राहिली. आई म्हणते ती लिहायलाच हवी, नाहीतर ती फोनवर सांगेल आणि तिला आकडे नीट सांगता येत नाहीत.

सोळा तारखेला दुपारी कारखान्याचा माणूस घरी आला होता. त्याला मी हसरे म्हणतो. बोलायच्या आधी हसतो, नंतरही हसतो. टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यावर होतं की सुरुवातीच्या चाचण्यांत मदतनीसाच्या हलगर्जीमुळे तांबं मिसळलं, पुढेही तीच पद्धत चालू राहिली, सबब सर्व नोंदी अविश्वसनीय. खाली माझ्या सहीची जागा.

"वाक्य तुमचंच आहे," हसरे म्हणाला, "आम्ही फक्त टाइप केलंय. तुमच्या कामाला बोट लागणार नाही, साहेब. टाक्या, पंप, सगळी जोडणी उत्कृष्ट आहे असं आमचे तज्ज्ञ स्वतः लिहून देतील. पहिल्या दर्जाचं काम, असा शब्द आहे त्यात."

ते वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्या दर्जाचं. माझ्याबद्दल असं कोणी छापील कागदावर लिहिलेलं नाही. पेन मी हातात घेतलं होतं, हे लपवत नाही.

आई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता विचारलं, "त्यात आमच्या मुलीचं नाव आहे का हो?"

"छे छे, वहिनी. नाव कुठेच नाही. नुसतं मदतनीस."

"मग तिचंच आहे," आई म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं. मग त्याने दुसरा कागद काढला, हिशेबाचा. माझ्या निवृत्तीला शहाण्णव महिने उरलेत. नोकरी गेली तरी चिंता नको म्हणून शहाण्णव महिन्यांचा पगार एकरकमी, असा गुणाकार मांडला होता. चौदा हजार पाचशे गुणिले शहाण्णव. उत्तर दहा हजारांनी कमी आलं होतं. तेवढं मी त्याच्यासमोर दुरुस्त केलं आणि दोन्ही कागद परत दिले, सहीची जागा कोरी ठेवून. नाकारलेली रक्कम, बरोबर केल्यानंतरची: तेरा लाख ब्याण्णव हजार.

बाबा